शिव्या सरपंचाला, श्रेय दिल्लीला

लोकांचा विश्वास कोणत्या सरकारवर जास्त असतो, गावातल्या, राज्यातल्या की देशातल्या, हे शोधण्याचा उद्योग जगभरचे सर्वेक्षणकार गेली कित्येक दशके करत आहेत. उत्तरे मात्र देशागणिक उलटीपालटी येतात. अमेरिकेत १९६४ मध्ये ७७ टक्के लोक म्हणत होते की वॉशिंग्टनचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करते. व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतर हा आकडा जो घसरला तो अलीकडच्या वर्षांत २० टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे. पण त्याच अमेरिकन लोकांना आपल्या शहराच्या कारभाराबद्दल विचारले की ते बरेच बरे बोलतात, आणि राज्य सरकार या दोहोंच्या मध्ये राहते. चीनमध्ये नेमके उलट. लिआनजियांग ली या अभ्यासकाने तिथल्या ग्रामीण भागात पाहणी केली तेव्हा बीजिंगवर लोकांचा गाढ विश्वास होता आणि जसजसे खाली यावे, प्रांत, जिल्हा, गाव, तसतसा तो आटत गेला होता. वरचा राजा चांगला, खालचे कारकून चोर, अशी ती समजूत. आपल्याकडे ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात ते चीनला लागू पडते, अमेरिकेला पडत नाही. आता प्रश्न आपला.

भारतात या विषयावर सगळ्यात सातत्याने काम केले ते दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेच्या ‘लोकनीती’ने. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीनंतरच्या त्यांच्या पाहणीत केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकार यांच्यावरच्या विश्वासात फार मोठी दरी नव्हती, किंचित झुकते माप स्थानिक संस्थांना होते. निवडणूक आयोग आणि न्यायालये वरच्या पायरीवर, राजकीय पक्ष आणि पोलीस तळाला. पुढच्या पाहण्यांत सैन्याचा समावेश झाला आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. पक्ष तळाशी राहिले ते राहिलेच. थोडक्यात, ज्यांना आपण निवडून देतो त्यांच्यावर कमी भरवसा आणि ज्यांना निवडून देत नाही त्यांच्यावर जास्त, अशी आपल्या लोकशाहीची जुनी तऱ्हा आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या प्यू संस्थेने केलेल्या पाहणीत ८५ टक्के भारतीयांनी राष्ट्रीय सरकारवर विश्वास असल्याचे सांगितले. आपल्याकडे या आकड्याच्या बातम्या झाल्या, ढोल वाजले. त्याच पाहणीत ५५ टक्क्यांनी असेही म्हटले होते की संसद आणि न्यायालयांचा अडथळा नसलेला खंबीर नेता चालेल. या दुसऱ्या आकड्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. दोन्ही एकत्र वाचले तर ‘सरकारवर विश्वास’ म्हणजे नेमका कशावर, असा प्रश्न पडतो. माणसावर असेल तर तो माणसाबरोबर येतो आणि जातो. संस्थेवर असेल तर संस्थेने आपल्याविरुद्ध निकाल दिला तरी तो टिकायला हवा. निवडणूक आयोगाचेच पाहा. २०१९ मध्ये लोकनीतीच्या पाहणीत निम्म्या मतदारांनी आयोगावर पूर्ण विश्वास असल्याचे सांगितले होते. २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर हे प्रमाण २८ टक्क्यांपर्यंत उतरले.

अशा पाहण्यांची एक अडचण मात्र आहे. प्रश्नावली घेऊन आलेला मुलगा ओट्यावर बसलेला असतो आणि शेजारी सरपंचाचा पुतण्या उभा असतो. त्याच्या देखत ‘ग्रामपंचायतीवर तुमचा किती विश्वास आहे?’ या प्रश्नाला काय उत्तर येणार? दिल्लीबद्दल काहीही बोलायला काही लागत नाही. म्हणून लोक काय सांगतात याइतकेच लोक काय करतात हेही बघितले पाहिजे.

मतदानापासून सुरुवात करू. जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनाची भीती असताना, महाराष्ट्रातल्या १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले आणि ते ७९ टक्के भरले. २०२४ च्या लोकसभेला राज्यात जेमतेम ६१ टक्के आणि विधानसभेला ६६ टक्के. खेड्यात सगळ्यात छोटी निवडणूक सगळ्यात चुरशीची. शहरात हेच चित्र उलटे होते. मुंबई महापालिकेला २०१२ मध्ये ४५ टक्क्यांच्या आत मतदान झाले होते, २०१७ मध्ये ५५ टक्क्यांवर गेले तर तो विक्रम मानला गेला. ग्रामपंचायतीच्या ७९ टक्क्यांना निव्वळ विश्वास म्हणणे भाबडेपणाचे होईल. भावकी असते, जुने हिशेब असतात, मतामागे पाकिटे असतात. तरीही मुंबईहून, पुण्याहून गाड्या करून माणसे गावाला मतदानाला जातात, ती काही तरी पणाला लागले आहे असे वाटते म्हणूनच.

या निवडणुकांचा दुसरा चेहरा त्याच सुमारास दिसला. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली २ कोटी ५ लाखांपर्यंत गेली. पैसा गावातल्या मंदिरासाठी. नंदुरबारच्या खोंडामळीत बोली ४२ लाखांची. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, आणि ते योग्यच झाले. पण लिलाव चोरून झाला नव्हता. भर गर्दीत झाला, त्याचे व्हिडिओ निघाले. उमेदवार निवडून आल्यावर काय करील याची खात्री नाही, तेव्हा आधीच पैसे मोजून घ्या आणि देवळाला लावा, असा रोकडा व्यवहार त्यामागे होता. अविश्वासाचा इतका स्पष्ट पुरावा कुठल्या प्रश्नावलीत सापडणार नाही.

पण सरपंचावर एवढा राग का, हे समजून घ्यायचे तर घरकुलाची ग्रामसभा बघावी. प्रधानमंत्री आवास योजनेची ‘ड यादी’ हा शब्द खेड्यात पोराबाळांनाही माहीत आहे. ही यादी निघाली २०१८ च्या सुमारास ॲपवर झालेल्या सर्वेक्षणातून. त्या वेळी जो बाहेरगावी होता, ज्याचा फोटो नीट निघाला नाही, ज्याच्याकडे कागद नव्हता, तो राहिला. पुढे कितीतरी वर्षे त्या यादीत नव्याने नाव घालण्याची सोय नव्हती. सरपंच यादी वाचतो, ग्रामसेवक (२०२४ पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) शेजारी रजिस्टर घेऊन बसतो, आणि एखादी म्हातारी उठते. ‘माझं नाव का नाही रं?’ ‘आजी, ते वरनंच आलंय, माझ्या हातात काय नाही.’ ‘मग तू सरपंच कशाला झालास?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते, कारण म्हातारीचे म्हणणे घटनेला धरूनच आहे. नाव मंजूर झाले तर १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट बँकेच्या खात्यात येतात. पहिला हप्ता मिळाला, पाया भरला, जिओ-टॅगचा फोटो काढला, दुसरा हप्ता लटकला, की माणूस जातो कुठे? दिल्लीला जात नाही. सरपंचाच्या दारात जातो. पैसे आले तर दिल्लीने पाठवले, अडले तर सरपंचाने खाल्ले.

थेट खात्यात पैसे येण्याने मधली गळती थांबली, हे खरे आहे आणि ते कमी महत्त्वाचे नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार असोत की जुलै २०२४ पासूनचे ‘लाडकी बहीण’चे महिन्याला दीड हजार, मोबाइल वाजला की बाईला कळते पैसे आले. त्यातून दिल्ली आणि मुंबई लोकांच्या जवळ आल्या. पण ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरून घेतले अंगणवाडी सेविकांनी, चुका निस्तरल्या त्यांनीच आणि नाव कापले गेले तर जाबही त्यांनाच विचारला गेला. जमेची नोंद वर, खर्चाची खाली.

इथपर्यंतचा आढावा घेतल्यावर मला वाटते की जवळचे सरकार की लांबचे, हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. माणसाचा विश्वास उडतो तो मधल्या पायऱ्यांवर: तहसील कचेरी, पंचायत समिती, पोलीस ठाणे, महापालिकेचे वॉर्ड ऑफिस. फाइल तिथे पडून राहते. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य तिथे ऐकू येते. आणि या पायऱ्यांवरची गोम अशी की जो निवडून आलेला आहे तो निर्णय घेत नाही आणि जो निर्णय घेतो त्याला कुणी निवडून दिलेले नाही. पंचायत समितीचा सभापती मोटारीला पाटी लावून फिरतो, कागदावर सही गटविकास अधिकाऱ्याची चालते. सर्वेक्षणे केंद्र, राज्य आणि स्थानिक असे तीन कप्पे करतात, हा मधला कप्पा त्यांत हरवतो.

महाराष्ट्रात पूर्वी हे असे नव्हते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, शेती, रस्ते, सगळे त्यांच्याकडे. अध्यक्षाचा शब्द जिल्ह्यात चालत असे. राजकारणाची शाळाही तीच. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगलीच्या जिल्हा परिषदेत घडले. मग एकेक खाते, एकेक योजना बाहेर निघाली. जिल्हा नियोजन समिती आली आणि तिचा अध्यक्ष पालकमंत्री. आमदार निधी आला, खासदार निधी आला. आज गावच्या रस्त्यावर उभी असलेली पाटी वाचली तर रस्ता जिल्हा परिषदेचा असतो आणि नावे आमदार, खासदार, पालकमंत्री यांची. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तेव्हा पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी घटनेत गेली. यादी देणे आणि पैसा, माणसे, अधिकार देणे यांतले अंतर तीस वर्षांत भरून निघालेले नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आला, पण त्यातला ६० टक्के ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना-खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला होता. ‘आमचं गाव, आमचा विकास’ हे नाव आपण छान दिले, तेवढी मूठ काही सोडली नाही.

शहरांची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते आणि त्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत. आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौर सभा चालवतो आणि पाहुण्यांचे स्वागत करतो. कोरोनाच्या काळात मुंबईच्या वॉर्ड वॉर-रूमचे, ऑक्सिजनच्या व्यवस्थेचे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२१ मध्ये कौतुक केले. मुंबईकरांचा महापालिकेवरचा भरवसा तेव्हा खरोखर वाढला होता. तो आयुक्ताच्या नावावर जमा झाला, नगरसेवकांच्या नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, आणि महापालिकेचे हक्काचे मोठे उत्पन्न राज्याकडून येणाऱ्या भरपाईत बदलले. तेव्हापासून शहर त्या हप्त्यासाठी मंत्रालयाकडे बघते.

राज्य सरकारवरच्या विश्वासाबद्दल थोडक्यातच बोललेले बरे. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाटेची शपथ, जून २०२२ मध्ये फुटलेली शिवसेना, जुलै २०२३ मध्ये फुटलेली राष्ट्रवादी, आणि पक्षांतरबंदीच्या याचिकांवर जानेवारी २०२४ पर्यंत चाललेली सुनावणी. मत कुणाला दिले आणि सरकार कुणाचे आले याचा मेळ कोणत्याच पक्षाच्या मतदाराला लागेना. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला साडेसत्तावीस हजार मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले, हा त्या आधीचाच इशारा होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तर कमाल केली. गावकऱ्यांचा पाठिंबा असलेला उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता, तरी आपल्या गावातून विरोधकाला पडलेली मते त्यांना पटेनात. त्यांनी स्वखर्चाने मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झाले नाही. कायद्याने अशा मतदानाला काडीची किंमत नाही, आणि यंत्रात गडबड झाली असे त्यातून सिद्धही होत नाही. पण शंका घेणाऱ्यांच्या दारात पोलीस उभे केल्याने शंका कमी होते, असा अनुभव कुठलाच नाही.

उलट बाजूची उदाहरणे आहेत आणि ती नीट पाहण्यासारखी आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगट चालवला, निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करायची पद्धत घालून दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा लागे, आणि खाते तो देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. कायदा दिल्लीने केला होता, अंमल गावाला हवा होता, अडले होते ते मधल्या पायरीवर. घोषणेतही दिल्ली-मुंबईवर राग नाही. त्यांना ‘आमचे’ म्हटले आहे, फक्त गावापुरता अधिकार मागितला आहे. ज्या ग्रामसभेच्या हाती बांबूचा पैसा आणि परवान्याचे पुस्तक आहे, तिच्या सभेला माणसे येतात. ज्या सभेत केवळ वरून आलेली यादी वाचायची असते, तिथे गणपूर्ती होत नाही आणि सह्यांचे रजिस्टर घरोघरी फिरते.

कोकणात आणि गोव्यात लोकांचा हाच अधिकार नकाराच्या रूपाने दिसतो. राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध गावांनी ग्रामसभांचे ठराव केले. ठरावांना कुणी मोजले नाही, पण मार्च २०१९ मध्ये लोकसभेच्या तोंडावर अधिसूचना रद्द झाली. ठरावाने न झालेले काम निवडणुकीने केले. गोव्यात २०११ सालासाठी आखलेल्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. रविवारच्या ग्रामसभेत आराखड्याचे नकाशे पसरून सर्व्हे नंबरवर वाद घालणारी माणसे गोव्यात आजही सापडतात. आपले म्हणणे ऐकले जाईल असे ज्याला मुळीच वाटत नाही, तो रविवारची सकाळ अशी घालवत नाही.

आता या आढाव्यातल्या सगळ्यात गंभीर गोष्टीकडे येतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हा निर्णय २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये मोडला, २०२२ मध्ये पुन्हा आला. प्रभाग चार सदस्यांचा, मग तीनचा, मग परत चारचा. मुंबईच्या जागा २२७ च्या २३६ झाल्या आणि पुन्हा २२७. सरकार बदलले की खालच्या संस्थेची घडण बदलायची, हा खेळ सगळ्याच पक्षांनी खेळला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची ‘तिहेरी चाचणी’ घातली. प्रश्न खरा होता आणि आरक्षणाचा आग्रहही रास्त होता. त्याच्या आडून मात्र मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. मुंबई महापालिकेची मुदत त्याच महिन्यात संपली. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, बहुतेक जिल्हा परिषदा, सगळीकडे प्रशासक बसले. औरंगाबाद, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली इथे तर २०२० पासूनच. २०२३ अखेरीस राज्यातल्या एकाही महापालिकेत निवडून आलेला नगरसेवक उरला नव्हता. २०२५-२६ चा मुंबईचा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प, गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा, आयुक्ताच्याच प्रशासनाने मांडला आणि प्रशासक म्हणून आयुक्तानेच मंजूर केला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबरात नगरपालिकांचे आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांचे मतदान झाले.

या काळात निवडणुका घ्या म्हणून रस्त्यावर फारसे मोर्चे निघाले नाहीत, हे मला जास्त खुपते. लोकसभा चार वर्षे लांबली असती तर देश पेटला असता. महापालिका लांबली, लोकांनी खांदे उडवले. नगरसेवक असताना तरी काय होत होते, असे म्हणणारे सुशिक्षित लोक पुण्या-मुंबईत पुष्कळ भेटले. अधिकार नसलेल्या संस्थेची कुणाला गरज वाटत नाही, आणि गरज वाटत नाही म्हणून तिचे उरलेसुरले अधिकारही काढून घेता येतात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ई आणि २४३-यू मध्ये लिहिले आहे की पंचायत असो वा नगरपालिका, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हे पाळले जायचे तर प्रभाग पाडण्याचे काम ज्यांना त्या प्रभागांतून फायदा होतो त्यांच्या हाती ठेवून चालणार नाही. मार्च २०२२ चा तो बदल विधिमंडळाने रद्द करावा आणि प्रभागरचना राज्य निवडणूक आयोगाला परत द्यावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवा आयोग लागत नाही, पैसाही लागत नाही. एका अधिवेशनातले एक विधेयक पुरते. आपल्या आमदाराला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा रस्त्याबरोबर याचेही विचारा.